बटाट्याचा श्वास



गेल्या आश्विनातील गोष्ट. नवा बटाटा नुकताच बाजारात आला होता. नववीच्या वर्गातील एक विद्यार्थिनी मधल्या सुटीत कागदात गुंडाळलेला एक बटाटा घेऊन प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या मामांची बेळगावच्या पश्चिमेस तांबड्या मातीची शेती आहे. बटाटा आणि रताळी ही त्या बाजूची नेहमीची पिके. परतीच्या पावसाच्या धास्तीने मामांनी भरलेली पोती पत्र्याच्या खोलीत एकावर एक रचली होती आणि वरून ताडपत्री घट्ट आवळली होती. पुढे पाऊस आलाच नाही. कडक ऊन मात्र पडले. काही दिवसांनी पोती सोडली तेव्हा माल वरून अगदी निर्दोष दिसला. साल गुळगुळीत, बटाटा हाताला टणक. पण सुरी फिरवताच मधोमध शाई सांडल्यासारखा काळा डाग! कीड नव्हती, पाणी सुटलेले नव्हते, कुजल्याचा वासही नव्हता.

"सर, याला रोग नव्हता, मग हा मेला कशाने?" तिने विचारले.

सोबतच्या मुली हसल्या. बटाटा का कुठे मरतो? मला मात्र त्या प्रश्नाचे कौतुक वाटले. जो मरतो तो अगोदर जिवंत असला पाहिजे, ही गोष्ट तिने न शिकविता गृहीत धरली होती. त्या दिवशी घंटा झाल्यामुळे उत्तर अर्धेच राहिले. ते येथे पुरे करीत आहे.

पोत्यातला बटाटा जिवंत आहे याचा पुरावा घरच्या घरी मिळतो. घट्ट झाकणाच्या दोन बरण्या घ्या. एकीत चार-पाच बटाटे आणि वाटीभर चुन्याची निवळी ठेवा. दुसरीत नुसती निवळीच. दोन्ही बरण्या रात्रभर बंद राहू द्या. सकाळी पाहाल तर बटाट्याच्या सोबतीची निवळी दुधासारखी पांढुरकी झालेली असेल. आपण नळीने निवळीत फुंकर घातली असता ती अशीच पांढरी होते, कारण आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड वायू असतो. बटाट्यानेही रात्रभर तोच वायू सोडला. त्याला नाक नाही, फुप्फुस नाही. पण साल नीट निरखली तर तिच्यावर बारीक ठिपके दिसतात. तीच त्याची हवेची छिद्रे.

ही हवा आत कोणाकडे जाते? बटाट्याची कागदासारखी पातळ चकती कापून, तिच्यावर आयोडीनचा एक थेंब टाकून ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. भिंतीला भिंत लागलेल्या खोल्यांची एक वस्तीच नजरेस पडते, आणि प्रत्येक खोलीत निळ्या-काळ्या रंगाचे अंडाकृती कण दाटलेले असतात. खोल्या म्हणजे पेशी. कण म्हणजे पिष्ट, म्हणजेच स्टार्च. इ. स. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाच्या चकतीत अशाच खोल्या पाहिल्या आणि त्यांना इंग्रजीत 'कोठडी' या अर्थाचा शब्द दिला. गंमत अशी की बूच ही झाडाची मृत साल. म्हणजे ज्या खोल्यांवरून पेशीला नाव मिळाले त्या रिकाम्या पडलेल्या होत्या! (बटाट्याची सालही बुचाच्याच जातीची आहे.) सर्व वनस्पती आणि सर्व प्राणी पेशींचेच बनलेले आहेत, हे श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी मांडेपर्यंत १८३८-३९ साल उजाडले.

भरलेल्या खोलीत काय काय असते? सर्वांत अधिक पाणी. बटाट्याच्या वजनाचे सुमारे चार पंचमांश पाणीच असते. उरलेल्यात मोठा वाटा पिष्टाचा. पिष्ट म्हणजे ग्लुकोज नावाच्या साखरेच्या शेकडो-हजारो रेणूंची माळ. एका ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. पेशीची भिंत ज्या सेल्युलोजची बनते तीही ग्लुकोजचीच माळ. फक्त मणी ओवण्याची तऱ्हा निराळी. एवढ्याशा फरकाने केवढे अंतर पडते पाहा. पिष्ट आपण पचवितो, सेल्युलोज पचवू शकत नाही. कडबा खाऊन दूध देणारी म्हैस तो पचविते, पण तेही तिच्या पोटातील सूक्ष्म जंतूंच्या जिवावर.

भिंतीच्या आत एक अतिशय पातळ पडदा असतो. तो मुख्यतः स्निग्ध द्रव्यांचा आणि प्रथिनांचा. आत काय येऊ द्यावे, बाहेर काय जाऊ द्यावे हे तोच ठरवितो. पेशीच्या आतही अशाच पडद्यांनी लहान-मोठे कप्पे पाडलेले असतात. हे कप्पे ध्यानात ठेवा. काळ्या डागाचे रहस्य त्यांच्यातच आहे. केंद्रकात न्यूक्लिक आम्ल असते, आणि नवा बटाटा घडविण्याच्या सर्व सूचना त्यात साठविलेल्या असतात. म्हणूनच एक डोळा असलेला तुकडा मातीत पुरला तरी पुरे रोप उगवते.

आणि प्रथिने? प्रथिने म्हणजे पेशीतील कामकरी मंडळी. त्यांच्यापैकी ज्यांना विकरे म्हणतात ती रासायनिक क्रिया शेकडो-हजारो पटींनी जलद घडवून आणतात. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड कच्च्या बटाट्याच्या फोडीवर टाका. फसफसून फेस येईल. उकडलेल्या फोडीवर टाका; काहीच होणार नाही. उकडताना त्या विकराची घडी मोडली, कामकरी कामातून गेला.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. बटाटा हवा घेतो ती कशासाठी? लाव्हाझिये या फ्रेंच शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस सांगितले की श्वसन हे एक मंद ज्वलनच आहे. चुलीत लाकूड जळते तेव्हा प्राणवायू खर्च होतो, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता बाहेर पडते. श्वसनातही तेच घडते. हे म्हणणे खरे ठरले. परंतु त्यातून एक कोडे उभे राहिले. साखर चुलीत टाकली तर एकदम पेट घेते. तीच साखर पेशीत मातीच्या गारव्यातही मुकाट्याने जळते, पेशीला चटका बसत नाही आणि मिळालेली शक्ती वायाही जात नाही. हे कसे?

इ. स. १९२५ मध्ये केंब्रिज येथील डेव्हिड केलिन या शास्त्रज्ञाच्या हाती या कोड्याचा एक धागा लागला. प्रकाशातील रंग वेगळे करून दाखविणाऱ्या वर्णपटदर्शकातून तो कीटकांचे स्नायू आणि यीस्ट पाहत असे. यीस्टला हवा मिळेनाशी झाली की वर्णपटात चार गडद पट्टे उमटत. तेच यीस्ट हवेत हलविले की पट्टे पुसले जात. पुन्हा हवा बंद केली की पुन्हा हजर! कोणते तरी लोहयुक्त रंगद्रव्य प्राणवायूबरोबर देवघेव करीत होते. केलिनने त्याला 'सायटोक्रोम', म्हणजे 'पेशीतील रंग', असे नाव दिले. न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे की मॅकमन नावाच्या एका डॉक्टरने चाळीस वर्षे आधीच हे पट्टे पाहिले होते. पण त्या काळच्या एका बड्या शास्त्रज्ञाने ते खोडून काढले आणि बिचाऱ्याचे काम धूळ खात पडले.

प्राण्यांचे चित्र असे स्पष्ट होऊ लागले. वनस्पतींची गोष्ट मात्र घोळात अडकली, आणि हा घोळ करणारा दुसरातिसरा कोणी नसून आपल्या स्वयंपाकघरातील बटाटाच होता. भाजीसाठी चिरलेला बटाटा उघड्यावर राहिला की तांबूस होऊन काळवंडतो, म्हणून आई तो पाण्यात टाकते. तो काळवंडतो एका विकरामुळे. बटाट्यातील फिनॉल जातीच्या द्रव्यांशी प्राणवायूचा संयोग हे विकर घडवून आणते. साहजिकच काही शास्त्रज्ञांना वाटू लागले की बटाट्याचे श्वसन याच वाटेने होत असावे. मग वनस्पतीचा श्वास आणि प्राण्याचा श्वास मुळातच निराळे मानायचे काय?

या प्रश्नाच्या उत्तरात एका मराठी मुलीचा वाटा आहे. तिचे नाव कमला भागवत. विवाहानंतरच्या कमला सोहोनी. थोर लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या वडील भगिनी. जन्म इंदूरचा, शिक्षण मुंबईचे. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये रसायनशास्त्र शिकलेले. इ. स. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी पहिल्या क्रमांकाने मिळविल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी अर्ज नाकारला. गुणांत उणे काही नव्हते. अर्जदार मुलगी होती एवढेच कारण.

कमलाबाई घरी रडत बसल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारू लागल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, आणि त्यांच्यामुळे इतरांचे चित्त विचलित होता कामा नये, असेही बजावण्यात आले. त्यांनी अटी मान्य केल्या, श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले, आणि वर्षअखेर संचालकांचे समाधान होऊन त्या संस्थेचे दार मुलींना उघडले गेले. रामन यांच्या प्रतिभेविषयी मला नितांत आदर आहे. परंतु या प्रसंगात ते चुकले, असे म्हणण्यास संकोच वाटत नाही. हा अपमान कमलाबाई उतारवयापर्यंत विसरल्या नाहीत, आणि त्यांनी तो का विसरावा?

इ. स. १९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. तेथे हॉपकिन्स या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाच्या जीवरसायन विभागात प्रथम डेरेक रिक्टर यांच्याबरोबर त्यांनी काम केले, आणि तेही प्राण्यांमधील फिनॉलवर क्रिया करणाऱ्या विकरांवर. पुढे त्या रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींकडे वळल्या, आणि बटाटा हाती आला. काळवंडविणारे विकर काय करते आणि काय करीत नाही, हे जिने अगोदरच जवळून पाहिले होते तिच्याच हाती तो यावा, हा मोठा उत्तम योग! प्राण्यांच्या पेशीत जसे सायटोक्रोम-सी असते तसे वनस्पतींच्या पेशीतही आहे, आणि त्याच्याकडून घेतलेले इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या स्वाधीन करणारे विकरही तेथे हजर आहे, असे या कामातून दिसून आले. हिल आणि भागवत यांचे सपुष्प वनस्पतींतील या विकरावरचे टिपण १९३९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी कमलाबाईंना पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता, असे सांगतात. वजनावर प्रबंध तोलणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

मग ती शक्ती चटका न देता सुटते तरी कशी? ग्लुकोजच्या रेणूचे प्रथम पेशीद्रवात दोन तुकडे होतात. ते तुकडे तंतुकणिका नावाच्या, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या रुंदीच्या कणांत शिरतात. तेथे त्यांचा कार्बन वायुरूपाने निघून जातो. बरणीतील निवळी पांढरी करणारा तो हाच. त्यांचे इलेक्ट्रॉन मात्र आतल्या पडद्यात बसविलेल्या वाहकांच्या रांगेत एकाकडून दुसऱ्याकडे दिले जातात. आग विझविताना माणसे रांगेने उभी राहून बादल्या पुढे देतात, तसेच काहीसे. सायटोक्रोम-सी हा या रांगेतला शेवटून दुसरा गडी. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो. तो एक इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे देतो, पुन्हा घेतो, पुन्हा देतो. रांगेच्या टोकाला प्राणवायू उभा असतो. तो इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन स्वीकारून पाणी बनतो. आपण दिवसभर जो प्राणवायू ओढून घेतो त्याचे मुख्य काम एवढेच: शेवटची बादली रिकामी करून घेणे.

इलेक्ट्रॉन एकेक पायरी उतरत असताना सुटणाऱ्या शक्तीने हायड्रोजनचे धनभारित कण पडद्याच्या एका बाजूस ढकलले जातात आणि तेथे त्यांचा साठा होतो. धरणामागे पाणी साठावे तसा. आपल्या जिल्ह्यातील गोकाकचा धबधबा तुम्ही सहलीत पाहिला असेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील सूतगिरणी घटप्रभेच्या पडत्या पाण्याच्या बळावर सुरू झाली. पेशीतही तसेच आहे. साठलेले कण एका प्रथिनाच्या वाटेने खाली येतात आणि ते प्रथिन चाकासारखे खरोखरच गरगर फिरते! कणांच्या साठ्याची कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली तेव्हा पुष्कळांनी ती हसण्यावारी नेली. १९७८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. फिरत्या चाकाची यंत्रणा उलगडल्याबद्दल बॉयर आणि वॉकर यांना १९९७ चे पारितोषिक दिले गेले.

त्या चाकावर जे तयार होते त्याचे नाव अडेनोसीन ट्रायफॉस्फेट, थोडक्यात एटीपी. हा पदार्थ १९२९ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडला: जर्मनीत लोमान यांना, आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे फिस्के व आपले आंध्रातील यल्लाप्रगड सुब्बाराव यांना. ग्लुकोज ही मोठी नोट मानली तर एटीपी ही मोड. पाचशेची नोट पुढे केली तर बसचा कंडक्टर कपाळाला आठ्या घालतो. पेशीतील कामेही सुट्या पैशांवरच चालतात. प्राणवायू असेल तर एका ग्लुकोजमागे सुमारे ३० नाणी मिळतात. नसेल तर अवघी २.

आपल्या शहापुरात, खासबागेत, वडगावात अजून जे थोडे हातमाग उरले आहेत त्यांपैकी एखाद्यापाशी क्षणभर उभे राहा. विणकराचा पाय पावडीवर पडतो, हात झटका देतो, धोटा या काठाकडून त्या काठाकडे धावतो. त्या प्रत्येक झटक्यामागे स्नायूतील असंख्य एटीपी रेणू मोडले जातात. शरीरात कोणत्याही एका क्षणी या द्रव्याचा साठा अगदी थोडा असतो. परंतु तोच रेणू पुनःपुन्हा मोडून आणि जोडून माणूस दिवसभरात जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके एटीपी वापरतो, असा हिशेब मांडला गेला आहे. सकाळी त्या विणकराने बटाट्याची भाजी आणि भाकरी खाल्ली असेल, तर बटाट्याने स्वतःसाठी राखून ठेवलेले ग्लुकोज आता धोटा फेकीत आहे. वाहकांची रांग बटाट्यात होती तीच विणकराच्या दंडात.

'तीच' हा शब्द मी सैलपणाने वापरलेला नाही. माणसाचे सायटोक्रोम-सी हे १०४ अमिनो आम्लांची एक माळ आहे. चिंपांझीच्या माळेतील मणी तंतोतंत तेच आणि त्याच क्रमाने आहेत. ऱ्हीसस माकडात एका मण्याचा फरक, घोड्यात बारांचा. गव्हाशी किंवा यीस्टशी तुलना केली तर फरक चाळीसच्या घरात जातो. तरीही निम्म्याहून अधिक मणी जुळतातच. कमलाबाईंनी बटाट्यावर काम केले तेव्हा हे आकडे कोणालाच ठाऊक नव्हते. वनस्पतींत एक आडवाटही असते, हे जाता जाता सांगितले पाहिजे. सुरणाचे फूल उमलताना चांगले ऊन लागते. तेथे ही रांग मध्येच सोडून इलेक्ट्रॉन दुसऱ्या वाटेने जातात, मोड मिळत नाही, नुसती उष्णता मिळते. आणि त्या उष्णतेने दर्प पसरून किडे गोळा होतात.

मायदेशी परतल्यावर कमलाबाईंनी दिल्लीस लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर कुन्नूरच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेत काम केले. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या प्राध्यापक झाल्या आणि अखेरीस संचालक. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन नीरा, कडधान्ये, तांदूळ असे गरिबाच्या ताटातील विषय संशोधनाला निवडले. त्या १९९८ मध्ये निवर्तल्या.

आता त्या काळ्या बटाट्याकडे येऊ. ताडपत्रीखाली पोती तापली. उष्णतेने श्वसनाचा वेग वाढला, म्हणजे प्राणवायूची भूक वाढली; पण हवेची वाट तर बंद. सालीजवळच्या पेशींनी मिळेल तेवढा प्राणवायू वापरून टाकला, मधल्या पेशींपर्यंत तो पोहोचलाच नाही. शेवटची बादली घेणारा जागेवर नाही म्हटल्यावर सारी रांग थांबली, चाक थांबले, तीस नाण्यांच्या जागी दोन मिळू लागली. कप्प्यांचे पडदे शाबूत ठेवण्यासही मोड लागते. ती संपली तेव्हा पडदे फाटले. एका कप्प्यात फिनॉलची द्रव्ये होती, दुसऱ्यात ते काळवंडविणारे विकर. जन्मभर वेगळी राहिलेली ही दोघे एकत्र आली आणि बटाट्याचे काळीज काळे पडले. ज्या विकराने एकेकाळी शास्त्रज्ञांची दिशाभूल केली त्याचेच हे काम. मामांचा बटाटा रोगाने नव्हे, गुदमरून मेला.

मामांना निरोप गेला. उरलेली पोती त्यांनी ताडपत्री काढून, थरांमध्ये बांबू घालून, सावलीत वाऱ्यावर ठेवली. आणि तिने आणलेल्या त्या बटाट्याचे दोन्ही अर्धे भाग आम्ही प्रयोगशाळेमागच्या कुंडीत पुरले. मधला भाग मेलेला असला तरी सालीजवळचे डोळे जिवंत होते. दिवाळीची सुटी संपवून आलो तेव्हा एका अर्ध्याला कोंब फुटलेला होता.